कॉलेजात गाणं शिकवत राहू की सोडून देऊ?

वाचकाचं पत्र

मॅडम, पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित कॉलेजात मी सहा वर्षांपासून तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांप्रमाणे मानधनावर, संगीत शिकवते. वय ३३. एम.ए. आणि नेट झालंय. लहानपणापासून एकाच गुरुजींकडे शिकतेय, अजूनही महिन्यातून दोनदा नागपूरला जाते. आमचे सर निवृत्त झाल्यापासून जागा भरलेली नाही. बी.ए.ला मुलंच येत नाहीत, विषय बंद पडेल, असं प्राचार्य म्हणतात. जी येतात त्यातल्या निम्म्यांचा सूर लागत नाही. सासूबाई म्हणतात, बी.एड. कर आणि शाळेवर लाग. गुरुजी म्हणतात, कॉलेजात शिकवलंस की गाणं जातं. पीएच.डी. करावी का तेही कळत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही विठ्ठल मंदिराच्या सभागृहात जुनी ध्वनिमुद्रणं ऐकतो, वीस-पंचवीस माणसं येतात. घरच्यांना तो रिकामा उद्योग वाटतो. मी काय करू?

उत्तर

प्रिय मैत्रीण,

सोडू नका. पण आहे तसंच चालूही ठेवू नका. संगीत विभागात आयुष्य गेलेल्या बाईचं हे मत आहे, आणि ते का, हे जरा सविस्तर सांगते. थोड्याफार फरकाने असंच लिहिणाऱ्या मुली मराठवाड्यातही आहेत, खानदेशातही आहेत.

आधी गुरुजींचं बोलणं घेऊ, कारण तुम्हाला तेच सगळ्यात जास्त लागलेलं दिसतं. त्यांचं म्हणणं अगदी निराधार नाही. दिवसभर कच्चे सूर ऐकायचे, दर वर्षी नव्या बॅचकडून भूप आणि यमन हे सुरुवातीचे रागच घोटून घ्यायचे, वर अंतर्गत गुण, परीक्षेचे फॉर्म, कॉलेजची श्रेणी ठरवणाऱ्या नॅकच्या फायली. संध्याकाळी तानपुरा लावावा तर गळाही थकलेला असतो आणि डोकंही. ज्यांचं गाणं असं गेलं अशी माणसं मी पाहिली आहेत. पण ज्यांचं राहिलं त्यांच्याकडेही बघा. प्रभा अत्रे १९७९ ते १९९२ एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. त्याआधी आकाशवाणीची नोकरी, त्याही आधी विज्ञान आणि कायद्याच्या पदव्या, आणि गाण्याची तालीम सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकरांची. विभाग सांभाळताना त्यांच्या मैफली थांबल्या नाहीत. सरगम, म्हणजे शब्दांऐवजी स्वरांची नावं गाणं, या विषयावर त्यांनी डॉक्टरेट केली आणि तीच सरगम मैफलीत अशी गाऊन दाखवली की आक्षेप घेणाऱ्यांनाही ऐकून घ्यावं लागलं. २०२२ साली पद्मविभूषण मिळालं तेव्हा त्या नव्वदीला टेकल्या होत्या, आणि २०२४च्या जानेवारीत गेल्या तोवर गाणं आणि शिकवणं दोन्ही चालू होतं.

प्रत्येकीला प्रभाताई होता येत नाही, हे कुणी सांगायला नको. मला त्यांच्याकडून वेगळी गोष्ट घ्यावीशी वाटते. वर्गात पडलेला प्रश्न त्या रियाजाला घेऊन बसल्या आणि रियाजात सापडलेलं उत्तर वर्गात घेऊन आल्या. तुमच्याकडे हे आज होत नसेल, तर आधी पहाटेची वेळ राखा. कॉलेजच्या आधी दीड तास, दार लावून, फोन बाहेर ठेवून. शिकवून झाल्यावर रियाज करायचा बेत आखलात तर तो महिन्याभरात मोडेल. आणि आकाशवाणीच्या ऑडिशनचा अर्ज निघाला की भरा. त्याचा नोकरीशीही संबंध आहे, तो पुढे सांगते.

दुसरं म्हणजे, विद्यापीठातलं संगीत ही आपल्याकडे मैफल हुकलेल्यांची सोय म्हणून सुरू झालेली नाही. विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. घराण्याघराण्यांत कुलूपबंद असलेल्या बंदिशी त्यांनी गावोगाव फिरून मिळवल्या, स्वरलिपीत मांडल्या, छापल्या. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली आणि १९२६ साली लखनौला मॅरिस संगीत कॉलेज उभं केलं. शास्त्रीय संगीत चारचौघांच्या मुलामुलींनी शिकावं, ते शिकवायला अभ्यासक्रम असावा, हे तेव्हा उस्तादांनाही पटत नव्हतं आणि पांढरपेशा घरांनाही. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्या कॉलेजचे प्राचार्य झाले, पुढे खैरागडच्या संगीत विद्यापीठाचे कुलगुरूही. रातंजनकरांच्या शिष्या सुमती मुटाटकर दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विभागात गेल्या. ही सगळी आपली मराठी माणसं. लखनौ, खैरागड, दिल्ली इथे जाऊन त्यांनी विभाग उभे केले, त्यासाठी सरकारदरबारी खेटे घातले, पदं मंजूर करून घेतली, वाद्यं मिळवली. गाणं शिकवण्याइतकंच गाण्यासाठी जागा मिळवणं हेही त्यांचं काम होतं. तुमच्या पत्रात विषय बंद पडायची भीती आहे, पण तो चालू राहावा म्हणून काय करता येईल याबद्दल एक ओळही नाही. मला तिथेच थांबायचं आहे.

आता तुमच्या वर्गात येऊ. निम्म्यांचा सूर लागत नाही, असं लिहिलंत. तुमचा वर्ग मी पाहिलेला नाही, पण अशा वर्गांची मला सवय आहे, म्हणून विचारते: तानपुरा कोणत्या पट्टीत लावता, म्हणजे पेटीची कोणती पट्टी ‘सा’ धरता? बहुतेक स्वतःच्या, म्हणजे काळी चार. तुम्हाला ती सोयीची, बऱ्याच मुलींनाही सोयीची. पण त्याच वर्गात बसलेल्या मुलांचा आवाज काळी एक-काळी दोनच्या आसपासचा. ती बिचारी एकतर खाली खर्जात पुटपुटतात किंवा वर ओढून ओरडतात, आणि दोन्हीकडून बेसूर ठरतात. त्यात दोन-तीन मुली अशा असतात की त्यांचा गळा काळी दोन-तीनलाच मोकळा होतो, त्यांना कुणी ते सांगितलेलं नसतं. जून-जुलैत एक आठवडा फक्त एवढंच करा. एकेकाला समोर बसवून, पेटीवर वरखाली करून, त्याचा षड्ज, म्हणजे ‘सा’, कुठे आरामात बसतो ते शोधा आणि वहीत नावापुढे लिहून ठेवा. मग तासाचे दोन भाग पाडा. पहिल्या भागात काळी एक: मुलं गातील, मुली हाताने त्रिताल धरतील. दुसऱ्या भागात काळी चार, आणि कामांची अदलाबदल. फोनवरचा तानपुरा असल्याने पट्टी बदलायला क्षण लागतो. टाळी-खालीचा सराव आपोआप होतो आणि कुणी रिकामं बसत नाही. ज्याला ‘तुझा सूर लागत नाही’ असं शाळेपासून ऐकवलं गेलंय, त्या मुलाचा स्वतःच्या पट्टीत स्वच्छ ‘सा’ लागला की तो दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन येतो. विद्यार्थिसंख्या वाढवण्याचा याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

वर्गाबाहेरचं काम याहून रूक्ष आहे, पण पद टिकतं ते त्याच्यावर.

विभागाचं डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे सामानाची नोंदवही, मागून घ्या. जुन्या विभागांत हमखास असं असतं: कागदावर चार तानपुरे, दोन तबलाजोड्या, तीन पेट्या. प्रत्यक्षात एका तानपुऱ्याचा भोपळा फुटलेला, दुसऱ्याची जवारी (घोडीवरची झंकार देणारी घडण) गेलेली, पेटीचा भाता फाटलेला, आणि सगळं कपाटात धूळ खात. जोवर ही वाद्यं कागदावर जिवंत आहेत तोवर नव्या खरेदीच्या प्रस्तावावर ‘वाद्यं आहेत की’ असाच शेरा येणार. दुरुस्त होण्याजोगी कोणती, ते लिहा. मिरजेचे कारागीर आजही तानपुरे दुरुस्त करून देतात. उरलेल्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव द्या. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, त्यामुळे सही तुमची चालणार नाही. ज्यांच्याकडे विभागाचा कार्यभार आहे त्यांच्यामार्फत पाठवा, पण यादी तुम्ही करा.

मग राष्ट्रीय शिक्षण धोरण. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५पासून पहिल्या वर्षाला नवी रचना आली. पुष्कळ संगीत शिक्षक तिला घाबरले, कारण पूर्वीसारखे तीन ऐच्छिक विषय राहिले नाहीत. पण तिच्यात आपल्यासाठी दारंही उघडली आहेत. ‘ओपन इलेक्टिव्ह’मध्ये वाणिज्य आणि विज्ञान शाखेची मुलं संगीत घेऊ शकतात. सहअभ्यासक्रमाच्या श्रेयांकांत (क्रेडिट्समध्ये) राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा यांच्याबरोबर ललित आणि प्रयोगजीवी कला धरलेल्या आहेत. भारतीय ज्ञानपरंपरेचा स्वतंत्र घटक आहे, त्यात संगीत बसतं. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास, म्हणजे दोन श्रेयांकांचा पेपर ६० तासांचा झाला. तुमच्या विद्यापीठाच्या यादीत संगीताचे असे पेपर आहेत का ते पाहा, नसतील तर अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहा. बी.ए.ला आठच मुली असल्या तरी बी.कॉम. आणि बी.एस्सी.ची चाळीस मुलं ओपन इलेक्टिव्हला आली, तर विभागाचा कार्यभार वाढतो. सहायक प्राध्यापकाचा अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तासांचा. तेवढा भार कागदावर दिसला तरच कॉलेज बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाचा क्रम) तपासून विभागीय सहसंचालकांकडे पद भरायची परवानगी मागू शकतं. प्राचार्य ‘मुलं येत नाहीत’ म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्यापुढे आकडा ठेवायला कुणी जात नाही, ही खरी अडचण आहे. तो आकडा घेऊन तुम्ही जा.

कायम पदासाठी पात्रता तुमच्याकडे आहेच. जुलै २०२३पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) सहायक प्राध्यापक पदाला नेट किंवा सेट ही किमान पात्रता ठेवली आहे, पीएच.डी. ऐच्छिक आहे. शिवाय २०१८च्या नियमावलीत संगीतासाठी दुसरीही एक वाट आहे, जी फारशी कुणाला ठाऊक नसते: नामवंत गुरूंकडे शिकलेला, आकाशवाणी किंवा दूरदर्शनचा ‘ए’ श्रेणीचा, पदवीधर आणि विषय तर्कशुद्ध समजावून सांगू शकणारा कलाकारही या पदासाठी पात्र ठरू शकतो. ऑडिशनचं वर म्हटलं ते यासाठी. तुम्हाला या वाटेची आज गरज नाही, पण श्रेणी असेल तर मुलाखतीत तिचं वजन पडतं.

तरी पीएच.डी. करा. पुढच्या बढतीला ती लागते आणि निवडीच्या गुणांत तिला जागा असते. पण विषय निवडताना घाई नको. ‘अमुक थाटातील (रागगटातील) रागांचा तुलनात्मक अभ्यास’ या छापाचे प्रबंध ग्रंथालयांत ढिगाने पडले आहेत आणि ते लिहिणाऱ्यांनीही पुन्हा उघडलेले नाहीत. तुम्ही पूर्व विदर्भात राहता. झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, वडसा-देसाईगंजपासून गावोगाव रात्रभर रंगतात, आणि त्यांत आजही नट रंगमंचावर जिवंत गातात, साथीला वादक समोर बसलेले असतात. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं तुमच्या भागात घरोघरी आहेत. ती गाणाऱ्या जुन्या मंडळींच्या चाली, लय, खंजिरीवरचे बोल यांची नोंद संगीताच्या अंगाने करायला किती वाव आहे! दंडार आहे, खडी गंमत आहे, ही तुमच्याकडचीच लोकनाट्यं. रागसंगीताचा कान असलेली, स्वरलिपी लिहू शकणारी आणि त्या गावांत जाऊन ओट्यावर बसू शकणारी बाई या विषयांना हवी आहे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला तिथे पोचायलाच वर्ष जाईल.

इथे मला अशोक रानडे यांची आठवण काढावीशी वाटते. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक, १९६८पासून १९८३पर्यंत. स्वतः तालमीचे गायक, गजाननराव जोशी आणि देवधर मास्तरांकडे शिकलेले. पण केंद्रात त्यांनी ख्यालाबरोबर लोकसंगीत, कीर्तन, नाट्यसंगीत, बैठकीची लावणी या सगळ्यांना अभ्यासाचा पाट मांडून बसवलं. नुसते निबंध लिहून ते थांबले नाहीत, विषय घेऊन सप्रयोग कार्यक्रम उभे केले, नटांच्या आवाजावर काम केलं, मराठीत संगीतविचाराची भाषा घडवली. विद्यापीठातल्या संगीताच्या माणसाने काय करावं याचा इतका भरघोस नमुना आपल्याच भाषेत असताना आपण प्रबंधासाठी थाट मोजत बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं असतात, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळते, प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही घेता येते. मार्गदर्शक ठरवण्याआधी त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी बोला. छत्तीसगडमधलं खैरागड तुम्हाला तसं जवळ आहे, हिंदीतून लिहायची तयारी असेल तर तिथल्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा. पैशाचा आधार म्हणून केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती बघा: वय २५ ते ४०, महिना १०,००० रुपये, दोन वर्षं. अटी नीट वाचून अर्ज करा, वयाने तुम्ही त्यात बसता.

आता कठोर बोलते. तासिका तत्त्वावर आणखी सहा वर्षं काढायची नाहीत. मानधन महिनोन्‌महिने अडकतं, सुट्टीचे महिने कोरडे जातात, दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत. यात उमेदीची वर्षं झिजवलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांतल्या कुणाच्या गाण्याचं त्यामुळे भलं झालेलं नाही. दोन शैक्षणिक वर्षांची मुदत घाला. त्या काळात वर सांगितलेलं सगळं करून पाहा आणि महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, गोवा जिथे जागा निघेल तिथे अर्ज टाका. मुदत संपली आणि पद भरायची हालचाल दिसली नाही, तर तिथून निघा. केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयांत संगीत शिक्षकाची पदं असतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा स्वतःचा वर्ग काढता येतो, तो नीट चालला तर तासिकेच्या मानधनापेक्षा जास्त देतो. परदेशातल्या मराठी घरांतली मुलं ऑनलाइन शिकायला तयार असतात. कॉलेज सुटलं तर संगीतशिक्षण सुटत नाही, पीएच.डी.ही सुटत नाही.

सासूबाईंच्या म्हणण्याचा राग धरू नका. घरात पैसा नियमित यावा असं त्यांना वाटतं, त्यात गैर काही नाही. ही दोन वर्षांची मुदत त्यांच्यासमोर आणि नवऱ्यासमोर स्पष्ट मांडा, कुठल्या महिन्यात किती येईल याचा हिशेबही मांडा. बी.एड. मात्र नाइलाज म्हणून करू नका. शाळेत शिकवायची ओढ असेल तरच करा.

आणि तो पहिला रविवार. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच आहे. तालुक्याच्या गावी वीस-पंचवीस माणसं दर महिन्याला केवळ ऐकायला जमतात, हे साधं नाही. कोल्हापूरचा गायन समाज देवल क्लब १८८३पासून चालत आलाय, तो अशाच गाणं आवडणाऱ्या मंडळींच्या जोरावर. स्पिक मॅके ही देशभर पसरलेली चळवळ १९७७ साली किरण सेठ यांनी सुरू केली. ते तेव्हा आयआयटी दिल्लीत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांच्या कानावर चांगलं गाणं पडलंच पाहिजे, एवढ्या एका हट्टावर त्यांनी ती उभी केली. कलेसाठी उभं राहणं म्हणजे दर वेळी व्यासपीठावरून भाषण असं नसतं. तुमच्या गावात ते काम तुम्ही आधीच करता आहात.

फक्त त्याला कॉलेजशी जोडा. एक हजेरीवही ठेवा. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला एखाद्या जुन्या खंजिरी भजनी मंडळाला समोर बसवा, आणि ध्वनिमुद्रण ऐकवायच्या आधी पाच मिनिटं काय ऐकायचं ते सांगा: विलंबितात (संथ लयीत) गायक सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कशी गाठतो, बोल कुठे मोडतो. नव्या रचनेत विद्यार्थ्यांना क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभागाचे श्रेयांक मिळवायचे असतात. तुमच्याच मुलामुलींना आजूबाजूच्या गावांतल्या वयस्क भजनकऱ्यांचं ध्वनिमुद्रण करायला पाठवा, नाव, गाव, कुणाकडून शिकले, चाल कोणती, एवढी नोंद त्यांच्याकडून लिहून घ्या. त्या माणसांची परवानगी आधी घ्या. वर्षभरात तुमच्या प्रबंधाचा पाया तयार होईल, नॅकच्या फाइलीत दाखवायला प्राचार्यांना काहीतरी खरंखुरं मिळेल, आणि विषय बंद करायचा ठराव आला तर गावातली पंचवीस माणसं सही करायला उभी असतील.

गुरुजींनाही एकदा त्या बैठकीला बोलवा. महिन्यातून दोनदा तुम्ही त्यांच्याकडे जाता, एकदा त्यांनी यावं. त्यांना तुमचा वर्गही दाखवा.

सुरुवात प्राचार्यांना द्यायच्या अर्जापासून करा: ओपन इलेक्टिव्हचा प्रस्ताव, वाद्यांची यादी आणि तासांचा हिशेब, तिन्ही एकाच पत्रात, एप्रिल संपायच्या आत, म्हणजे प्रवेशाच्या माहितीपत्रकात संगीताचं नाव येईल. मसुदा आधी मला दाखवायचा असेल तर जरूर पाठवा. आणि कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घालून घ्या.